प्राण्यांसह भाड्याचे घर शोधताना
पुण्यात दोन कुत्री आणि एक मांजर घेऊन भाड्याचे घर शोधताना प्राण्यांची खरी संख्या एजंटला पहिल्याच फोनवर सांगावी. एक सांगून तीन आणले, तर वाद अटळच. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण सोसायटीला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, परंतु घरमालक आपल्या सदनिकेपुरता नकार देऊ शकतो, म्हणून खरी संमती त्याचीच मिळवायची असते. ती तोंडी न ठेवता, प्राण्यांची संख्या आणि कोणत्या नुकसानीसाठी अनामत रकमेतून कपात होईल, हे लिव्ह अँड लायसन्स करारात स्पष्ट लिहून घ्यावे. महाराष्ट्रात या कराराची नोंदणी तशीही सक्तीची आहे. रेबीज लसीकरणाचे दाखले सोबत ठेवावेत.