टाकीत पाणी भरलेले, तरी पीस लिली सुकते: माझा अनुभव

इंदूरच्या आमच्या घरी बैठकीत ठेवलेल्या स्वयंसिंचन कुंडीची तळाची टाकी भरलेली असूनही पीस लिलीची पाने लोळत होती. पाण्याची पातळी दाखवणारी लाल कांडी १२ दिवस जागची हलली नव्हती आणि माती कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटली होती. टाकी काठोकाठ भरून पाहिली, जागा बदलली, टाकीतले पाणी मातीत वर खेचणारी वात जाड घातली. उपयोग झाला नाही. रोप टाकून देण्यापर्यंत माझी मजल गेली होती.

दोष मातीचा निघाला. रोपवाटिकेतून आलेल्या रोपाच्या मुळांभोवती माळव्याची काळी माती होती. ती वाळली की आकसते, तडकते आणि वातीपासून सुटते. मग पाण्याला वर चढण्यास मार्गच उरत नाही.

प्रथम मुळे बादलीभर पाण्यात बुडवून काळी माती हलक्या हाताने सोडवली व मऊ पडलेली तपकिरी मुळे कापली. नंतर दोन भाग भिजवलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) आणि अर्धा भाग गांडूळखत एकत्र केले. वात म्हणून पायजम्याची जुनी सुती नाडी अर्धा तास भिजवली, तिचे टोक कुंडीच्या मध्यापर्यंत वर आणले आणि भोवती पोकळी न ठेवता मिश्रण भरले. त्यानंतर टाकी रिकामीच ठेवून, तळातून ठिबकू लागेपर्यंत वरून पाणी घातले. हीच पायरी मी आजवर गाळत आलो होतो. खाली जमलेले पाणी ओतून दिल्यावरच टाकी भरली.

तिसऱ्या दिवशी पाने उभी राहिली आणि आठवड्याने लाल कांडी निम्म्यावर उतरली.