लेबर रूममधल्या या चुका टाळा: पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटांसाठी

केसपेपरवर ‘रक्तस्राव 200 मिली’ दिसलं की मी आधी खाटेखाली वाकून बघते. दर बॅचला हीच चूक, आणि आकडाही तोच. मोजून कुणाचंच इतकं गोल येत नाही.

मी स्वतः रेसिडेंट असतानाची गोष्ट. रात्री तीनचा सुमार, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली बाळंतीण. बाळ रडलं, वार पडली. टाके घातले, 200 लिहिलं आणि चहाला निघाले. दारातच सिस्टर म्हणाल्या, "दोतोर, खाटीसकयल पळयात." (डॉक्टर, खाटेखाली बघा.) रबर शीटवरून ओघळलेल्या रक्ताचं बादलीमागे थारोळं झालं होतं. बीपी 110/70, नाडी मात्र 124. तरुण बाईचा बीपी बराच वेळ तग धरतो, नाडी आधी बोलते. गर्भाशय मऊ, बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलेलं. मूत्राशय तुडुंब! कॅथेटर घातला, गर्भाशय चोळलं, ऑक्सिटोसिनची ड्रिप लावली, तेव्हा कुठे ते आवळलं. नंतर भिजलेले पॅड काट्यावर ठेवले, सुक्यांचं वजन वजा केलं: 900 ग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली, आणि फरशीवरचं वेगळंच.

तेव्हापासून सुक्या पॅडचं वजन भिंतीवर लिहिलेलं असतं आणि काटा ट्रॉलीवर. मोजणीचा ड्रेप (रक्त जमा होऊन मोजता येईल अशी शीट) मिळाला तर सोन्याहून पिवळं. 500 मिली झालं की पीपीएच (बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव), मग बाई कितीही हसत बसलेली असो. ‘अंदाज येतो हो मॅडम’ म्हणणाऱ्यांना मी काट्यापाशी उभं करते.

पार्टोग्राम (कळा सुरू असताना प्रगती नोंदवायचा तक्ता) बाळंतपणानंतर बसून भरू नका. सगळ्या फुल्या एका पेनाने, एका दमात काढलेल्या, लगेच ओळखू येतात.

पोटावर दाबून बाळ ढकलणं: बंद. यावर चर्चा नाही.

आणि तारखा. आपल्याकडे पाळीची तारीख विचारली की उत्तर येतं, ‘चवथीच्या दोन दिवस आधी.’ चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, 2024 ला 7 सप्टेंबरला होती, 2025 ला 27 ऑगस्टला. एका रेसिडेंटाने कॅलेंडर न बघता आदल्या वर्षीचीच धरली. अकरा दिवसांचा घोळ, म्हणजे 41 आठवडे भरलेली बाई कागदावर जेमतेम साडेएकोणचाळीसची. पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी तिच्या पिशवीतच होती, पण ती उघडायला घाई आड आली. माझ्या टेबलाच्या काचेखाली आता दोन वर्षांची कॅलेंडरं असतात.