कॅन्सर सर्जनने संशोधन कसं सुरू करावं: 200 पानी वहीपासून फॉलोअपच्या फोनपर्यंत

मी तोंडाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करते आणि मेडिकल कॉलेजात शिकवते. दर वर्षी नवी बॅच आली की महिन्याभरात एखादा रेसिडेंट, म्हणजे सर्जरी शिकणारा डॉक्टर, ऑपरेशन थिएटरबाहेर (ओटीबाहेर) गाठतो आणि म्हणतो, "मॅडम, रिसर्च करायचाय, एखादा विषय द्या ना." मी विषय देत नाही, 200 पानी वही देते.

ओपीडी संपली की जेवायला जायच्या आधी त्या वहीत एकच ओळ लिहायची: आज कोणता निर्णय मी पुरावा नसताना, नुसत्या सवयीने घेतला? तीन महिने हे नेमाने केलंत की तीच ती ओळ पुन्हा पुन्हा आलेली दिसेल. तो तुमचा विषय.

उदाहरण देते. जिभेच्या कडेला दीड सेंटिमीटरची जखम आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही. जीभ तर कापायचीच, पण त्याच वेळी मानेतल्या गाठीही, म्हणजे कॅन्सर जिथे पसरू शकतो त्या लसिकाग्रंथीही, काढायच्या का? आपल्याकडच्या हेड-नेक सर्जनना हा प्रश्न जवळजवळ रोज पडायचा. काही म्हणायचे, गाठ दिसल्याशिवाय मान उघडू नका, उगाच खांदा धरतो. बाकीचे म्हणायचे, गाठ दिसेपर्यंत उशीर होतो. दोन्ही बाजूंना मोठमोठी माणसं होती आणि वाद वर्षानुवर्षं चालला. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी 2004 ते 2014 या काळात रुग्णांचे चिठ्ठीपद्धतीने दोन गट केले. एका गटात मानेच्या गाठी लगेच काढल्या, दुसऱ्यात लक्ष ठेवून, गाठ आली तरच काढल्या. पहिल्या 500 रुग्णांचा हिशेब झाला तेव्हा तीन वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले 67.5 टक्के. म्हणजे आठ रुग्णांमागे एक जीव. 2015 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या सर्जननी आपली पद्धत बदलली. यासाठी कोणतंही महागडं यंत्र लागलं नाही. प्रश्न आपल्याच ओपीडीतला होता आणि रुग्ण आपलेच, तंबाखू-मावा खाणारे.

विषय पक्का करण्याआधी स्वतःला विचारा: उत्तर 'नाही' आलं, तरी उद्याच्या ओपीडीत काही बदलेल का? टाटामध्येच डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने 350 स्त्रियांचा अभ्यास केला. स्तनाचा कॅन्सर आधीच शरीरभर पसरला असेल, तर मूळ गाठीवर शस्त्रक्रिया आणि रेडिएशन करून आयुष्य वाढतं का, हा प्रश्न होता. शस्त्रक्रियेच्या गटाचं मध्यम आयुर्मान 19.2 महिने निघालं, दुसऱ्या गटाचं 20.5. म्हणजे वाढत नाही. या उत्तराने किती बायकांची विनाकारण होणारी मोठी शस्त्रक्रिया टळली असेल! 'नाही' हे उत्तरही छातीठोकपणे छापावं, असं मला मनापासून वाटतं.

आता संख्या. स्टॅटिस्टिशियनकडे डेटा गोळा झाल्यावर जाऊ नका, कागदावर पहिली ओळ लिहाल त्या आठवड्यात जा. फरक जितका लहान, तितके रुग्ण जास्त लागतात. डॉ. बडवे यांच्याच आणखी एका अभ्यासात स्तनाची गाठ काढण्यापूर्वी 7 ते 10 मिनिटं गाठीभोवती 0.5 टक्के लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करायचं औषध, टोचलं. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेलं. औषध काही रुपयांचं, कुठल्याही ओटीच्या ट्रॉलीत पडलेलं. पण एवढा फरक खात्रीने दाखवायला देशातली 11 केंद्रं आणि जवळजवळ 1,600 स्त्रिया लागल्या. तुमच्या विभागात वर्षाला शंभर केसेस होत असतील, तर असला प्रश्न एकट्याने हाती घेऊ नका. 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, 300 हून अधिक संस्था त्यात आहेत. चार कॉलेजं एकत्र या. थीसिससाठी मात्र आपल्या दीड वर्षाच्या केसेसमध्ये मावेल असाच प्रश्न घ्या.

डेटाबद्दल सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः ठेचाळले आहे. माझ्या एमएसच्या थीसिसमध्ये मी मार्जिनच्या, म्हणजे गाठीभोवती कापलेल्या निरोगी कडेच्या, रकान्यात 'निगेटिव्ह' (कडेला कॅन्सर नाही) किंवा 'पॉझिटिव्ह' (आहे) एवढंच भरलं. पुढे प्रश्न आला की पाच मिलिमीटरचं मार्जिन आणि दोनचं यांत फरक पडतो का. माझ्या फायलींमध्ये मिलिमीटर नव्हतेच! दोन वर्षांचं काम त्या प्रश्नासाठी निरुपयोगी ठरलं. तेव्हापासून माझा नियम असा, की मोजलेला आकडा लिहायचा, त्याचा अर्थ नंतर लावायचा. व्याख्या बदलत राहतात. 2018 पासून लागू झालेल्या कॅन्सर स्टेजिंगच्या नियमांच्या (एजेसीसी) आठव्या आवृत्तीत तोंडाच्या कॅन्सरच्या टी-स्टेजमध्ये, म्हणजे मूळ गाठीच्या टप्प्यात, गाठ किती खोल गेली तेही धरलं जातं. दीड सेंटिमीटरची गाठ सात मिलिमीटर खोल असेल, तर ती आता टी-वन राहत नाही, टी-टू होते. ज्यांनी खोली लिहून ठेवली होती त्यांचा जुना डेटा वाचला, ज्यांनी फक्त 'टी-वन' लिहिलं त्यांचा गेला.

म्हणून स्पेसिमेन, म्हणजे कापून काढलेला भाग, वॉर्डबॉयबरोबर पाठवून मोकळे होऊ नका. जीभ कापली की ती आक्रसते, फॉर्मालिनमध्ये आणखी. टेबलावरच, कापायच्या आधी, पट्टी लावून मोजा. कोणती बाजू कुठली ते कळावं म्हणून वरच्या बाजूला आखूड टाका, बाहेरच्या बाजूला लांब टाका घाला आणि डबा हातात घेऊन पॅथॉलॉजीत स्वतः जा. पॅथॉलॉजिस्ट मॅडम पहिला काप घेताना शेजारी उभे राहा. कोणती कडा त्यांना संशयाची वाटते ते त्या बोटाने दाखवतात आणि पुढच्या शस्त्रक्रियेत तुमचा हात तिथे आपोआप सावध होतो.

एक्सेलमध्ये एका रकान्यात एकच गोष्ट. वय आकड्यात, तारखा एकाच पद्धतीने. रंग भरून खुणा करू नका, फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेली की रंग उडतात. आणि रिकामा चौकोन म्हणजे 'नाही' नव्हे. 'नाही' असेल तर 'नाही' लिहा, माहीत नसेल तर 'माहीत नाही'.

एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयची (देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीची) नोंदणी दोन्ही पहिला रुग्ण घेण्याआधी हवी. 1 एप्रिल 2018 पासून ट्रायलची नोंदणी मागाहून चालत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. संमतिपत्राकडे मात्र कोणी नीट बघत नाही. इंग्रजीवरून उतरवलेलं 'यादृच्छिकीकरण' वाचून जालन्याच्या शेतकऱ्याने काय समजायचं? आमचं संमतिपत्र कमिटीकडे जाण्याआधी मी वॉर्डातल्या मावशींना मोठ्याने वाचायला देते. त्या जिथे अडखळतात ते वाक्य नव्याने लिहिते. 'चिठ्ठी टाकून ठरेल' हे सगळ्यांना कळतं.

एकदा एका रुग्णाच्या बायकोने मला सरळ विचारलं, "म्हंजी कोनता इलाज चांगला ते तुमालाच म्हाईत न्हाई व्हय?" मी म्हटलं, "नाही, अजून कोणालाच माहीत नाही. माहीत असतं तर चिठ्ठी टाकलीच नसती." ती घरी गेली, दिराशी बोलली आणि पुढच्या ओपीडीला नवऱ्याला घेऊन आली. त्याने सही केली. 'आत्ताच सांगा' असा तगादा लावू नका. चाकू तुमच्या हातात आहे हे रुग्णाला माहीत असतं, त्याला तुम्हाला नकार देणं फार जड जातं. म्हणून मी माहिती सांगते आणि उठते. होकार की नकार, हे सोशल वर्कर विचारतात.

पेपर लिहिताना आधी तक्ते करा, मग निष्कर्ष, प्रस्तावना शेवटी. लेखकांचा क्रम पहिल्या दिवशी लिहून सह्या घ्या. तीन दिवसांत छापून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या जर्नलला उत्तरही देऊ नका.

आणि फॉलोअप. माझ्या मते कॅन्सर सर्जनचं संशोधन इथेच टिकतं किंवा बुडतं. रुग्ण परत आला नाही, तर तो बरा आहे की गेला हे कळत नाही आणि सगळा हिशेब पोकळ होतो. मोबाइल नंबर बदलतात, म्हणून तीन नंबर घ्या: घरचा, जावयाचा किंवा भाच्याचा, आणि गावातल्या किराणा दुकानदाराचा. हे नंबर घेतानाच रुग्णाला विचारा, दुकानदाराकडे फक्त निरोप ठेवायचा, आजाराचं नाव काढायचं नाही. ऊसतोडीला जाणारं कुटुंब असेल, तर डिसेंबरची तारीख देऊ नका, ते तेव्हा कारखान्याच्या फडात असतात. निघण्याआधी एकदा बोलवा, परतल्यावर एकदा.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी यादी घेऊन बसते. फोन संध्याकाळी सातनंतर करायचे, माणसं शेतातून आलेली असतात. आधी तब्येत विचारायची, रकाने नंतर. कधी पलीकडून उत्तर येतं, "ते गेले, मॅडम." तेव्हा पेन खाली ठेवा आणि ऐका. घास गिळता येत होता का, मानेत पुन्हा गाठ आली होती का, हे त्यांच्याच बोलण्यात येतं. तारीख बहुतेकांना आठवत नाही. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी," असं सांगतात. म्हणून माझ्या टेबलाच्या खणात गेल्या सगळ्या वर्षांची कॅलेंडरं आहेत. त्यातून तो दिवस शोधायचा, वहीत तारीख लिहायची आणि मगच पुढचा नंबर लावायचा.