अल्टरनेटर घरघरतोय? आधी पट्टा काढून बघा

पहिल्यांदा माझ्या गाडीच्या बॉनेटखालून घरघर ऐकू आली तेव्हा मी सरळ अल्टरनेटर (पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) बदलला. नवा बसवला, गाडी सुरू केली, घरघर जशीच्या तशी. आवाज येत होता टेन्शनरच्या, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या भागाच्या, पुलीतून (चाकातून), अल्टरनेटरपासून वीतभर अंतरावरून. धडधाकट भाग मी उतरवून ठेवला होता. तेव्हापासून पाना उचलायच्या आधी मी आवाजाचा उगम शोधतो, आणि तुम्हीही तेच करावं असं मला मनापासून वाटतं.

आवाजाचा सूर बरंच काही सांगतो. थंड इंजिन सुरू करताना किंवा हेडलाइट लावल्यावर चिरकणारी किंकाळी येत असेल तर पट्टा घसरतोय. इंजिन चालू असताना पट्ट्याच्या खोबणीच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर वाढला तर पट्टा सैल किंवा गुळगुळीत झालाय. क्षणभर थांबून परत आला तर बहुतेक पुल्या एका रेषेत नाहीत. वेगाबरोबर चढत जाणारी कोरडी घरघर म्हणजे बेअरिंग (ज्यावर शाफ्ट फिरतो ती गोळ्यांची कडी). अल्टरनेटर इंजिनाच्या दोन-तीन पट वेगाने फिरतो, म्हणून तिथलं बेअरिंग इतरांपेक्षा वरच्या पट्टीत ओरडतं.

आता खरी परीक्षा. इंजिन थंड असताना पट्टा कुठून कसा वळतो त्याचा फोटो काढा, मग पट्टा उतरवा आणि इंजिन अर्धा मिनिट चालवा. त्याहून जास्त नको, कारण पाण्याचा पंप बऱ्याचदा याच पट्ट्यावर असतो. आवाज तसाच राहिला तर दोष इंजिनात आहे, अल्टरनेटरला हात लावू नका. आवाज गेला तर इंजिन बंद करून प्रत्येक पुली बोटांनी फिरवा. चांगलं बेअरिंग गुपचूप फिरतं. खराब झालेलं वाळू भरल्यासारखं हाताला लागतं, आणि पुली वर-खाली हलवली तर खुळखुळते. माझी टेन्शनरची पुली या एका मिनिटात सापडली असती.

अल्टरनेटरची पुली एकाच दिशेने पकडणारी, म्हणजे आत क्लच असलेली असेल तर वेगळं तपासा. ती एका दिशेला फिरवली की आतला पंखा सोबत फिरायला हवा, उलट दिशेला फक्त पुली. दोन्हीकडे पंखा फिरला तर क्लच जाम झालाय. मग आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, पट्टा थरथरतो आणि टेन्शनर धक्के खातो. पंखा कुठल्याच बाजूला फिरला नाही तर क्लच तुटलाय. दोन्ही वेळी फक्त पुली बदलली की काम होतं. तिला खास दातांचं सॉकेट लागतं, ते आधी मिळवा.

पट्टा परत चढवल्यावर आणखी एक शक्यता तपासायची: आवाज विजेचा आहे का? आयडलवर हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर एकेक लावत जा. वेग तोच असून गुणगुण वाढली तर डायोडवर, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांवर, संशय घ्या. आत तीन फेजसाठी साधारणपणे ६ मुख्य डायोड असतात. एक गेला की प्रवाह असमान होतो आणि स्टेटर, म्हणजे अल्टरनेटरमधलं स्थिर वेटोळं, गुंजायला लागतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या टोकांना लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर डायोड तपासायला हवेत. काही स्वस्त मीटर इथे २८ च्या आसपास भलताच आकडा दाखवतात. मीटरच्या वायरी उलट लावून पुन्हा बघा. डीसीवर चार्जिंग साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावं. एक गोष्ट कधीही करू नका: चालू इंजिनात बॅटरीची वायर काढणं. त्या क्षणी उसळणारं व्होल्टेज गाडीचा कंट्रोल युनिट जाळू शकतं.

बेअरिंगच गेलंय असं ठरलं की आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडा. अल्टरनेटरच्या मागची जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते, तिच्या नटावरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. काही डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच असतो, तेव्हा तेलाचे पाइपही सोडावे लागतात.

अल्टरनेटर बाहेर काढल्यावर त्याच्या दोन्ही झाकणांवर मार्करने आडवी रेघ मारा, जोडताना ती जुळवायची असते. रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) आणि कार्बन ब्रशचा भाग आधी काढा, नाहीतर रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, ओढताना त्याला वीज पोचवणारे हे ब्रश मोडतात. मग पुली, लांब बोल्ट, आणि झाकणं हळू हलवून वेगळी करा. स्टेटरच्या आत चकाकणारे ओरखडे दिसले तर रोटर घासत होता. मग नुसतं बेअरिंग बदलून भागेलच असं नाही.

बेअरिंगवरचा आकडा वाचा. ६२०३ मधला शेवटचा ०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर, ०२ म्हणजे १५. पुढे लिहिलेलं सी३ दुर्लक्षू नका. त्यात गोळ्यांना नेहमीपेक्षा जास्त मोकळीक असते, कारण इथे उष्णता फार. दोन्ही बाजूंना सील असलेलंच घ्या.

बसवताना माझा एकच आग्रह आहे. शाफ्टवर चढवताना आतल्या कडीवर दाब द्या, झाकणात बसवताना बाहेरच्या कडीवर. भलत्या कडीवर हातोडा पडला की दाब गोळ्यांतून जातो, खाचेत बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं. काही अल्टरनेटरमध्ये मागच्या बेअरिंगभोवती प्लॅस्टिकची कडी असते, ती हरवली तर बेअरिंग झाकणात खुळखुळतं.

उघडलंच आहे तर स्लिप रिंगा, म्हणजे रोटरवरच्या ब्रश घासतात त्या कड्या, बारीक पॉलिश पेपरने पुसा. खोल खाच पडली असेल तर त्या बदला. ब्रश ५ मिलिमीटरच्या आसपास उरले असतील तर तेही बदलून घ्या. दोन रिंगांमध्ये सहसा दोन ते पाच ओहम मिळतात, रिंग आणि शाफ्टमध्ये मात्र मीटरने जोडणी मुळीच दाखवू नये.

जोडल्यावर पुली हाताने फिरवा, घासल्याचा आवाज नको. साधा व्ही पट्टा असेल तर मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर खाली गेला पाहिजे. चिरक बंद व्हावी म्हणून पट्टा प्रमाणाबाहेर ताणू नका, पुढचं बेअरिंग त्यानेच मरतं. आणि वरून तेल किंवा कूलंट ठिबकत असेल तर ती गळती याच वेळी बंद करा, नाहीतर नवं बेअरिंग आणि ब्रश दोन्ही लवकरच भिजतील.