मॉनिटर नसताना रास्पबेरी पाय लॅपटॉपला कसा जोडायचा

रास्पबेरी पाय हा एका बोर्डावर मावणारा छोटा संगणक. मॉनिटरशिवाय हा पाय चालवायचा तर निम्मे काम त्याला वीज देण्याआधीच, एसडी कार्ड लिहिताना होते. तिथे एक खूण करायची राहिली, तर पाय व्यवस्थित चालू होऊनही लॅपटॉपला सापडत नाही. पुढची माहिती रास्पबेरी पाय ४ आणि रास्पबेरी पाय ओएसची 'बुकवर्म' किंवा त्यानंतरची आवृत्ती धरून दिली आहे.

सामान थोडेच आहे: १६ जीबी किंवा त्याहून मोठे मायक्रोएसडी कार्ड, कार्ड रीडर, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा टाइप-सी अडॅप्टर आणि ३.३ व्होल्टची यूएसबी-टीटीएल सीरियल केबल. लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टवर पाय चालवू नका. साध्या पोर्टमधून अर्धा ते एक अँपिअरच मिळतो, आणि ऐन बूट होताना पाय पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो.

कार्ड लिहिताना

रास्पबेरी पाय इमेजर या कार्ड लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये बोर्ड, ओएस आणि कार्ड निवडल्यावर कस्टमायझेशनचा पर्याय येतो. तो टाळू नका. होस्टनेम (नेटवर्कवरचे पायचे नाव), युजरनेम, पासवर्ड, वायफायचे नाव व पासवर्ड आणि देशाचा कोड (भारतासाठी 'आयएन') भरा, आणि एसएसएच (लॅपटॉपवरून नेटवर्कद्वारे पायमध्ये लॉगिन करायची सोय) सुरू करा. जुन्या लेखांत 'पाय' हे युजरनेम आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड दिलेला असतो. एप्रिल २०२२ पासून तो तयार युजरच काढून टाकला आहे. कार्डाच्या बूट विभागात (पाय सुरू होताना आधी वाचतो तो भाग) वायफायची डब्ल्यूपीए-सप्लिकंट फाइल टाकायची जुनी युक्तीही बुकवर्मपासून चालत नाही, कारण नेटवर्कचा कारभार आता नेटवर्कमॅनेजरकडे आहे.

कार्ड लिहून झाले की लगेच काढून ठेवू नका. ते पुन्हा लॅपटॉपला लावा, बूट विभागातली कॉन्फिग डॉट टीएक्सटी ही फाइल उघडा आणि अगदी शेवटी 'इनेबल_यूएआरटी=१' ही ओळ घाला (रोमन लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता). पुढे सीरियल केबल लावायची वेळ आली, तर ही ओळ आधीच तिथे असेल.

नेटवर्कवरून

कार्ड घाला, वीज द्या आणि दोन-तीन मिनिटे थांबा. पहिल्या खेपेला पाय कार्डावरच्या विभागाचा आकार वाढवून स्वतःच रीस्टार्ट होतो. मग लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये एसएसएच, एक जागा, युजरनेम, @, होस्टनेम आणि त्याला जोडून 'डॉट लोकल' असे टाइप करा.

नाव सापडत नसेल, तर राउटरच्या पानावर पायचा आयपी पाहा आणि होस्टनेमच्या जागी तो द्या. राउटरच्या यादीतही पाय नसेल, तर वायफायचा पासवर्ड किंवा बँड तपासा: पाय ४ दोन्ही बँड घेतो, पण पाय ३ बी आणि झीरो २ डब्ल्यू फक्त २.४ गिगाहर्ट्झ. हॉस्टेल, कॉलेज किंवा ऑफिसच्या वायफायवर अनेकदा एक उपकरण दुसऱ्याला दिसू दिले जात नाही. तिथे डोके न फोडता पाय आणि लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या, नाहीतर दोघांमध्ये साधी लॅन केबल टाका. क्रॉसओव्हर केबलची गरज नाही. फक्त लॅपटॉपवर इंटरनेट शेअरिंग सुरू हवे, कारण पायला आयपी कुणीतरी द्यावा लागतो. विंडोजमध्ये तो १९२.१६८.१३७ ने, उबुंटूत १०.४२.० ने सुरू होतो.

कार्ड नव्याने लिहिल्यावर 'होस्टची ओळख बदलली' असा मोठा इशारा आला तर तो बहुधा जुन्या नोंदीमुळे असतो. लॅपटॉपवरच्या 'डॉट एसएसएच' फोल्डरमधल्या नोन होस्ट्स फाइलमधून त्या पायच्या ओळी काढा.

सीरियल केबल

एवढे करूनही पाय गप्प असेल, तर अंदाज बांधत कार्ड पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा सीरियल केबल लावलेली बरी. तिला नेटवर्क लागत नाही, आणि बूट होताना नेमके कुठे अडले ते ओळीने दिसते.

पायची वीज बंद ठेवून जोडणी करा. ४० पिनांच्या हेडरची बोर्डाच्या कडेकडची रांग घ्या आणि एसडी कार्डाच्या टोकापासून मोजा. पहिल्या दोन पिना, म्हणजे २ आणि ४, ५ व्होल्टच्या. त्यांना हात लावू नका. तिसरी (पिन ६) ग्राउंड, चौथी (पिन ८) पायची टीएक्स, म्हणजे पाठवणारी, पाचवी (पिन १०) आरएक्स, म्हणजे घेणारी. ग्राउंडला ग्राउंड, केबलची आरएक्स पिन ८ ला, केबलची टीएक्स पिन १० ला: टीएक्स-आरएक्स नेहमी उलटसुलट जोडायच्या. केबलची लाल, म्हणजे ५ व्होल्टची तार मोकळीच ठेवा. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे भरवसा छापील खुणेवर. मॉड्यूलवर जंपर असेल तर तो ३.३ वर हवा. ५ व्होल्टचा सिग्नल पायच्या पिना जाळू शकतो.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून कॉम पोर्टचा नंबर घ्या. पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये सीरियल निवडा, वेग ११५२००, फ्लो कंट्रोल 'नन'. लिनक्सवर परवानगी नाकारली गेली, तर स्वतःच्या युजरला डायलआउट गटात घाला. आता पायला वीज द्या.

काहीच दिसत नसेल तर एंटर दाबा; तरीही नाही, तर टीएक्स-आरएक्सची अदलाबदल करून पाहा. अगम्य चिन्हे येत असतील तर वेग चुकला आहे किंवा ग्राउंड सैल आहे. मजकूर दिसतो पण टाइप केलेले पोचत नसेल, तर पिन १० ची तार किंवा फ्लो कंट्रोल पाहा. 'अंडर-व्होल्टेज' अशी ओळ आली तर दोष अडॅप्टरचा किंवा बारीक तारेच्या केबलचा. स्क्रीन कोरीच आणि हिरवा दिवा ४ वेळा लुकलुकत असेल तर बूट फाइल सापडलेली नाही, ७ वेळा असेल तर कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा. दोन्हींत कार्ड नव्याने लिहा.

लॉगिन झाल्यावर 'सुडो एनएमटीयूआय' (नेटवर्कमॅनेजरचा मेनू) देऊन वायफाय तिथेच दुरुस्त करता येते. पासवर्ड टाइप करताना अक्षरे दिसत नाहीत, ते बरोबरच आहे.

काम संपल्यावर अडॅप्टर सरळ उपटू नका, कार्डावरची फाइल प्रणाली बिघडते. 'सुडो पॉवरऑफ' द्या, आणि सीरियल खिडकीत 'पॉवर डाउन' अशी ओळ आल्यावरच वीज काढा.