जिआनचा तोल: कानस उचलण्याआधी नाणी बांधून पाहा
जिआन या चिनी सरळ, दुधारी तलवारीचा नमुना टोकाकडे जड वाटला, की हात लगेच कानशीकडे जातो. पण उतरलेले पोलाद पुन्हा चढत नाही. त्याऐवजी मुठीच्या शेवटच्या गोळ्याभोवती चिकटपट्टीने एकेक नाणे बांधत जावे, दर वेळी पाते बोटावर आडवे तोलून तोलबिंदूची खूण खडूने करावी (तो परजेपासून, म्हणजे मूठ आणि पाते यांमधल्या हात राखणाऱ्या आडव्या भागापासून, साधारण १० ते १५ सेंटीमीटरवर असावा) आणि मनगट सैल ठेवून टोकाने हवेत लहान वर्तुळे काढून पाहावीत. टोक मनाजोगते वळू लागले, की नाणी सोडून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावीत आणि नवा गोळा तितक्याच ग्रॅमने जड करावा. नाण्यांची चळतच बांधावी लागली, तर मात्र दोष पात्याच्या जाडीत आहे असे समजावे. चाचणी संपेपर्यंत धार लावू नये.