बर्फाखालचा ट्राउट काठाजवळ शोधा

पहिल्या हिवाळ्यात मी थेट तळ्याच्या मध्यभागी जाऊन बसायचो. खोल पाणी तिथे, म्हणजे मोठा मासा तिथे, असा हिशोब. तीन दिवस गळाला काही लागलं नाही. चौथ्या दिवशी तळ्याच्या मालकीणबाईंनी काठापासून दहा-बारा पावलांवरची जागा दाखवली. तिथे पाणी जेमतेम दीड मीटर होतं. अर्ध्या तासात पहिला ट्राउट वर आला.

कारण पाण्यातच आहे. ४ अंश सेल्सिअसचं पाणी सगळ्यात जड, ते तळाला बसतं. बर्फाला लागून असलेलं शून्याच्या आसपास असतं. तळाशी पानं कुजतात, प्राणवायू कमी होत जातो आणि बर्फाचं झाकण असल्यामुळे नवी हवा मिसळत नाही. ट्राउटला थंडी चालते, प्राणवायूची टंचाई चालत नाही. म्हणून तो वरच्या थरात, काठाकाठाने फेऱ्या मारतो. एक ते अडीच मीटर पाणी असेल तिथे भोकं पाडा.

पण पाऊल टाकण्याआधी बर्फ तपासा, यात मी कुणालाच सूट देत नाही. पारदर्शक, कडक बर्फ निदान १० सेंटीमीटर हवा. पांढरट, बर्फवृष्टीतून गोठलेला असेल तर त्याची ताकद निम्मी धरा, म्हणजे २० सेंटीमीटर. हातात पहार ठेवा आणि दर दोन-तीन पावलांवर ठोकून बघा. खासगी तळ्यात माशांसाठी हवा सोडणारा पंप बऱ्याचदा चालू असतो, त्याच्या आसपास बर्फ फसवा असतो. पाणी आत येतं आणि बाहेर जातं त्या जागाही तशाच. हे सगळं मालकाला विचारून घ्या आणि एकटे जाऊ नका. दोरीला बांधलेले दोन टोकदार खिळे गळ्यात असू द्या. पाण्यात पडलात तर पहिलं मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा. मग ज्या बाजूने आलात तिकडे तोंड करा, कारण तिथल्या बर्फाने तुमचं वजन पेललेलं असतं. खिळे रुतवा, पाय झाडा, पोटावर सरकत वर या आणि उभं न राहता लोळत दूर जा.

किती मासे न्यायचे, तेही आधीच ठरवून घ्या. ट्राउटला अंडी घालायला वाहतं पाणी आणि खडी लागते. साचलेल्या तळ्यात त्याची पैदास सहसा होत नाही, त्यामुळे तिथला बहुतेक प्रत्येक मासा कुणीतरी विकत आणून सोडलेला असतो. दुसऱ्या पाण्यातले जिवंत छोटे मासे आमिष म्हणून अजिबात नेऊ नका, त्यांच्यासोबत रोग येतात. परवान्याचे नियम जागोजागी वेगळे, ते तपासा.

गिरमिटाने १५ ते २० सेंटीमीटर रुंदीची पाच-सहा भोकं एकदमच पाडून घ्या. आवाजाने मासा बिचकतो. भोकातला बर्फाचा चुरा झाऱ्याने काढा आणि थोडा वेळ शांत बसा. काठी आखूड, दोरा बारीक, दोन किलो वजन पेलेल इतपत. मी नखाएवढा जिग (वजनाचा मणी असलेला छोटा गळ) लावतो आणि त्याला मेणकिड्याची एकच पांढरी अळी.

एकदा मी पालथा पडून, डोक्यावर जाकीट ओढून भोकात पाहत होतो. अंधार केला की उथळ पाण्यात तळापर्यंत दिसतं. डावीकडून एक ट्राउट आला, जिगपासून वीतभर अंतरावर थांबला. मी काठी जोरात हलवली आणि तो वळून गेला. पाचेक मिनिटांनी परत आला (तोच असावा, शेपटीला तशीच खाच होती). या वेळी हात स्थिर ठेवला, नुसतं टोक थरथरवलं. त्याने अळी इतकी हलकेच ओढून घेतली की डोळ्यांनी पाहिलं नसतं तर दोऱ्यावर कळलंही नसतं. तेव्हापासून मी आमिष हलवतो ते मासा लांबून दिसावं म्हणून, आणि तो जवळ आला की जवळजवळ थांबवतो. थंड पाण्यात त्याला पाठलाग नको असतो.

लागला की घाई नको. भोकाच्या धारेवर दोरा घासून तुटतो, म्हणून रिळाचा ब्रेक सैल ठेवा आणि त्याचं डोकं भोकात वळेपर्यंत थांबा. सोडून द्यायचा असेल तर पाण्यातच गळ काढा. कडाक्याच्या हवेत कल्ले आणि डोळे पटकन गोठतात, मग पोहून गेलेला मासाही जगेलच असं नाही. ठेवायचा असेल तर लगेच डोक्यावर एक घाव घालून मारा, तडफडत ठेवू नका.

निघताना प्रत्येक भोकाशी एक फांदी उभी खोचा, वरचा पातळ पापुद्रा मागून येणाऱ्याला दिसत नाही. आणि किती मासे नेले, किती सोडले, ते मालकांना सांगूनच घरी जा.